दार उघडलं, आणि तीन आठवड्यांत मिटलं

वाचकाचं पत्र, डिसेंबर २०२१ मधलं (खालचं उत्तरही तेव्हाचंच), थोडं कमी करून आणि ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून: मी सव्वीस वर्षांची, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालंय. २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या एका संस्थेत जपानी भाषेचा वर्ग लावला. भारत-जपान करारातून तीन वर्षं जपानच्या वृद्धाश्रमात काम आणि प्रशिक्षण, असं ते होतं. लॉकडाऊनमध्ये गावी परतले. दिवसा कोविड सेंटरला कंत्राटी नर्स आणि रात्री मोबाइलवर जपानी. भाषेची परीक्षा पास झाले, फेब्रुवारी २०२१ मध्ये ऑनलाइन मुलाखत झाली, निवड झाली, व्हिसासाठी लागणारं जपानचं पात्रता प्रमाणपत्रही आलं. नोव्हेंबरमध्ये सीमा उघडल्याची बातमी आली तेव्हा घरात पेढे वाटले, मावशीने साडी नेसवली, बॅग भरली. तीन आठवड्यांत ओमिक्रॉन आला आणि जपानने दार बंद केलं. कोविड सेंटर बंद, काम नाही. पतसंस्थेचं एक लाख ऐंशी हजारांचं कर्ज आहे, आईच्या पाटल्या सावकाराकडे आहेत. संस्था म्हणते ‘थांबा’, आणि जागा राखून ठेवायला आणखी पंचवीस हजार मागते. माझ्या मूळ मार्कशीट त्यांच्याकडेच आहेत. भावाच्या ओळखीचा मुंबईचा एजंट एक लाख वीस हजारांत महिनाभरात दुबईला पाठवतो म्हणतोय, आधी व्हिजिट व्हिसावर. मामांनी स्थळ आणलंय. ताई, थांबू, दुबईला जाऊ, की सगळं सोडून लग्नाला हो म्हणू? सरकारी करारातली योजना होती म्हणून आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला. आता गावात तोंड दाखवायची लाज वाटते.

पोरी, तुझ्या शेवटून दुसऱ्या वाक्याशी मी अडले. ‘सरकारी करारातली योजना होती म्हणून.’ तुझ्या बाकीच्या प्रश्नांचा गुंता या वाक्यापासून सुरू होतो, म्हणून आधी तेच सोडवू.

ज्या योजनेतून तू निघाली होतीस, तिचा करार भारत आणि जपानने ऑक्टोबर २०१७ मध्ये केला. आपल्या बाजूने राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ, म्हणजे एनएसडीसी, ती राबवतं आणि माणसं पाठवणाऱ्या संस्थांना मान्यता देतं. जपानच्या बाजूला यासाठी वेगळा कायदा आहे, देखरेखीला वेगळी यंत्रणा आहे. कुणी पाठवायचं आणि कुणी घ्यायचं, हे यातून ठरतं. पगार तिथल्या किमान वेतनाखाली जाता कामा नये, प्रशिक्षणार्थीकडून अनामत घ्यायची नाही, पासपोर्ट अडकवून ठेवायचा नाही, हेही ठरतं. एवढं मिळतं, आणि ते थोडं नाही. मिळत नाही ती तारीख. करार म्हणजे तुमच्या गावाला एसटीचा मार्ग मंजूर होणं. गाडी किती वाजता येणार, पुलावरून पाणी गेलं तर येणार की नाही, हे मंजुरीच्या कागदात नसतं. सध्या दीड महिना एसटीचा संप चालू आहे, तेव्हा हे तुला मी वेगळं सांगायला नको.

सह्या आणि सुरुवात यांत किती अंतर पडतं ते बघ. फ्रान्सबरोबरचा स्थलांतराचा करार मार्च २०१८ मध्ये झाला आणि लागू झाला १ ऑक्टोबर २०२१ ला. ब्रिटनबरोबर मे २०२१ मध्ये सह्या झाल्या, वर्षाला तीन हजारांपर्यंत तरुण जातील असं त्यात आहे, पण डिसेंबर २०२१ पर्यंत त्या वाटेने एकही गेलेला नाही. जपानबरोबरच दुसरा एक करार, कुशल कामगारांचा, झाला १८ जानेवारी २०२१ ला. त्याच्या चारच दिवस आधी जपानने नव्या माणसांना प्रवेश बंद केला होता! एका हाताने सही आणि दुसऱ्या हाताने कडी. यात कुणाचा डाव नव्हता. एका खात्याचं काम पुढे सरकत होतं आणि दुसऱ्या खात्याचं भय वाढत होतं, इतकंच.

आणि दारं एकाच बाजूने लागली असंही नाही. फिलिपिन्स हा देश वर्षानुवर्षं जगाला नर्स पुरवतो. एप्रिल २०२० मध्ये त्याच सरकारने आपल्या नर्सना बाहेर जायला बंदी केली, कारण घरीच माणसं कमी पडत होती. नोव्हेंबरात बंदी उठली ती वर्षाला पाच हजारांच्या मर्यादेवर. तिथल्या हजारो मुली करार हातात घेऊन विमानतळाच्या अलीकडे अडकल्या. आपल्याकडेही मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंदच आहेत. १५ डिसेंबर २०२१ ला सुरू होणार म्हणून जाहीर झालं आणि आठवड्याच्या आत तो निर्णय मागे घेतला. जपानचं पात्रता प्रमाणपत्र हातात असून आत जाता न आलेल्यांची संख्या ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन लाख सत्तर हजारांच्या घरात होती. त्यात विद्यार्थी आहेत, तुझ्यासारखे प्रशिक्षणार्थी लाखावर आहेत. इतकी माणसं तुझ्याबरोबर ताटकळत आहेत म्हणून तुझं कर्ज फिटत नाही, हे मला कळतं. पण लाज? ती तेवढी कमी व्हायला हरकत नाही. तू नापास झालेली नाहीस.

नोव्हेंबरच्या त्या तीन आठवड्यांबद्दलही एक सांगते, म्हणजे ‘थोडक्यात हुकलं’ ही टोचणी जाईल. ८ नोव्हेंबरला दार उघडलं ते फटीएवढं. बोलावणाऱ्या संस्थेने आधी तिथल्या मंत्रालयात अर्ज करायचा, जबाबदारी घ्यायची, छाननी व्हायची, मग पुढचं. त्यात जुन्या प्रमाणपत्रांना आधी नंबर. देशात येणाऱ्यांची रोजची मर्यादा होतीच. प्रत्यक्षात मोजकी माणसं आत गेली, आणि ३० तारखेला पुन्हा कुलूप. यंदाच्या प्रमाणपत्रावर तुझा नंबर त्या फेरीत लागणं अवघडच होतं. पेढे वाटण्याआधी हे तुम्हाला समजावून सांगणं तुमच्या संस्थेचं काम होतं. त्यांनी ते केलं नाही, याचा मला राग आहे.

आता दुबई.

तू लिहितेस, ‘तिथे निदान लगेच जाता येईल.’ जाता येईल ग, पण कशी? २०१५ पासून आपल्या सरकारचा नियम आहे: आखातातल्या देशांसह एकूण अठरा देशांत नर्स म्हणून जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी यंत्रणेतूनच परवानगी घ्यावी लागते, आणि भरती सरकारने नेमून दिलेल्या संस्थांमार्फतच व्हावी लागते. परदेशी नोकरीला सरकारी परवानगी लागते असा (ईसीआर) शिक्का तुझ्या पासपोर्टवर असो नसो, नर्सला हा नियम लागू आहे. हा नियम आला तोच नर्सच्या भरतीत वीस-वीस लाख उकळले जात होते म्हणून. संयुक्त अरब अमिराती त्या अठरांत आहे. म्हणजे तुझ्या भावाच्या ओळखीचा माणूस तुला नर्स म्हणून कायदेशीर पाठवूच शकत नाही. म्हणूनच तर व्हिजिट व्हिसा. त्या व्हिसावर तू पाहुणी असतेस. काम केलंस तर गुन्हा तुझा, पगार बुडला तर तक्रारीला कागद नाही. मालकाने ‘आता घरकामाच्या व्हिसावर घेतो’ म्हटलं तर नाही म्हणायला परतीचं तिकीटही हातात नाही. आणि ज्या व्यवसायात नोंदणी सगळ्यात मोलाची, तिथे तू नोंदणीशिवाय कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईची बिनपगारी रात्रपाळी करशील.

पैशाचंही बघ. नोंदणीकृत भरती एजंटला कायद्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. म्हणजे पस्तीस हजार चारशे, तेही पावतीने. एक लाख वीस हजार हा आकडा ऐकला तेव्हाच उठायचं होतं. तरीही भावाची समजूत पटवायची असेल तर वाद घालू नकोस. ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर त्या माणसाचा परवाना क्रमांक दोघं मिळून शोधा. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. एजंटला फक्त एवढंच म्हणायचं, ‘तुमचा आरसी नंबर द्या,’ म्हणजे सरकारी नोंदणीचा क्रमांक. बहुतेक वेळा संभाषण तिथेच संपतं.

आखात वाईट आहे असं मी म्हणत नाही. रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांच्या भिंती त्या पैशावर उभ्या आहेत, आणि २०२० मध्ये वंदे भारत मोहिमेच्या, म्हणजे सरकारने महासाथीत सोडलेल्या खास विमानांनी परत आलेल्यांतले अनेक पुन्हा गेलेतही. ज्यांचे करार धड होते, नोंद होती, त्यांना परत बोलावणं आलं. नोंदच नव्हती त्यांना कुणी शोधलंही नाही. फरक वाटेचा होता.

आता तुला न आवडणारा प्रश्न. जपानमधलं ते काम काय आहे, हे तुला नक्की कोणी सांगितलंय का? तू पत्रात तीनदा ‘जपानमध्ये नर्स’ असं लिहिलंयस. ती योजना नर्सची नाही. त्याला जपानीत काईगो म्हणतात, म्हणजे वृद्धांची देखभाल: अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं, उठवणं-बसवणं, आणि या सगळ्याची जपानीत नोंद ठेवणं. कष्टाचं आणि मानाचं काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण तुझ्या जीएनएमच्या दृष्टीने ते वेगळं काम आहे. उद्या तुला जर्मनीला किंवा इंग्लंडला नर्स म्हणून जायचं ठरलं, तर ही तीन वर्षं रुग्णालयातला अनुभव म्हणून धरली जातीलच असं नाही. शिवाय प्रशिक्षणार्थी म्हणून गेलीस तर मालक आपल्या मर्जीने बदलता येत नाही. महासाथीत कामावरून कमी झालेल्यांना जपानने दुसरीकडे काम करायची सवलत दिली, वर्षभरापर्यंतची, पण ती अपवाद म्हणून. नियम तोच आहे. नवऱ्याला, कुटुंबाला बरोबर नेता येत नाही.

पगाराचा हिशेबही कागदावर मांड. जपानचं किमान वेतन ऑक्टोबर २०२१ पासून जिल्ह्यानुसार तासाला आठशे वीस येनपासून टोकियोच्या एक हजार एक्केचाळीस येनपर्यंत आहे. वृद्धाश्रम लहान गावात असेल तर साडेआठशेच्या आसपास धर. महिन्याला एकशे साठ तास म्हणजे एक लाख छत्तीस हजार येन, डिसेंबर २०२१ च्या भावाने अठ्ठ्याऐंशी हजार रुपयांच्या जवळपास. त्यातून खोलीभाडं, विमा, कर, जेवण. संस्थेच्या माहितीपत्रकातला आकडा कपातीच्या आधीचा असतो, हातात येतो तो बराच कमी. तरीही पतसंस्थेचं कर्ज वर्षा-सव्वा वर्षात फिटू शकतं, हे मी नाकारत नाही. म्हणून तर हा रस्ता सोडून दे असं म्हणत नाहीये.

‘दोन वर्षं वाया गेली’ असं तू म्हणतेस. कोविड सेंटरमधली नर्स हे म्हणते तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. ऑक्सिजनची पातळी नव्वदच्या खाली गेलेल्या माणसाशेजारी तू उभी होतीस. त्या कामाचं अनुभवपत्र घेतलंयस का? नसेल घेतलं, तर उद्याच जिल्हा रुग्णालयात अर्ज दे: किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कोणत्या विभागात, किती खाटांचा वॉर्ड. कंत्राटी होते, कोण देणार, असं म्हणू नकोस. तुमच्यासारख्या कंत्राटी मुलींच्या जिवावर ती सेंटरं चालली. आज तिथला माणूस तुला ओळखतो, दोन वर्षांनी त्याची बदली झालेली असेल.

वाया काही जात असेल तर ते आत्ताचे महिने, घरी फोनकडे बघत बसलेले. म्हणून माझं उत्तर तुझ्या तीन पर्यायांत बसत नाही. रांगेतली जागा सोडू नकोस, पण रांगेत उभी राहू नकोस. चप्पल ठेव रांगेत आणि कामाला लाग. रेशनच्या दुकानापुढे आपल्या आया हेच करत आल्या.

म्हणजे काय, ते सांगते. आधी संस्था. फोनवर बोलणं बंद, आता लेखी. एक साधं पत्र लिही, मराठीतच लिही: मला निवडलेला वृद्धाश्रम आजही मला घ्यायला तयार आहे का, त्यांचं पत्र द्या. माझ्या पात्रता प्रमाणपत्राची मुदत आज काय आहे? एरवी ते तीन महिन्यांचं असतं, पण महासाथीमुळे जपानने मुदती वाढवल्यात. माझं प्रमाणपत्र त्यात येतं का, ते लेखी सांगा. सीमा उघडल्यावर अर्ज करायची जबाबदारी जपानच्या बाजूला कोणाची? मी आत्तापर्यंत भरलेल्या रकमेच्या पावत्या द्या, आणि मी माघार घेतली किंवा त्यांनी घेतली तर किती परत मिळेल ते सांगा. आणि माझ्या मूळ गुणपत्रिका आठ दिवसांत परत करा. या शेवटच्या मागणीवर तडजोड नाही. झेरॉक्स त्यांना पुरते. मूळ कागद तुझ्याकडे नसतील तर तू दुसरीकडे अर्जच करू शकत नाहीस, आणि बहुधा ते त्यासाठीच ठेवलेत.

पंचवीस हजार देऊ नकोस. ‘जागा राखणं’ असं काही या योजनेत नाही. प्रशिक्षणार्थ्याकडून अनामत किंवा हमीची रक्कम घ्यायची नाही, हे नियमात स्पष्ट आहे, मग तिला नाव काहीही द्या. एनएसडीसीच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत तुमच्या संस्थेचं नाव आहे का ते बघ. असेल तर तुझ्या पत्राची प्रत एनएसडीसीला पाठव आणि ते पत्रात खाली लिही: ‘प्रत माहितीसाठी’. या दोन शब्दांनी पुष्कळांचा सूर बदलतो. यादीत नाव नसेल, किंवा ती नुसती भाषेचा वर्ग चालवून दुसऱ्या कुणाच्या परवान्यावर माणसं पाठवत असेल, तर तो दुसरा कोण, हे आधी कळलं पाहिजे. वर्गातल्या इतर मुलींना बरोबर घे. आठ जणींच्या सह्यांचं पत्र कोणी फाईलखाली सारत नाही.

मग काम. रुग्णालयात, नर्स म्हणूनच. पगार कमी असेल, बारा-तेरा हजार म्हणतील. तरी घे. औरंगाबाद, लातूर, नांदेड, सोलापूर, जिथे राहायची सोय होईल तिथे, आणि जमलं तर आयसीयू किंवा वृद्ध रुग्णांचा विभाग माग. पुढे कुठल्याही देशाने दार उघडलं तरी पहिला प्रश्न येणार आहे, ‘सध्या काय करता?’ महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना ते तपास. लशीच्या को-विन प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक जोडून घे, घरबसल्या होतं.

जपानी सोडू नकोस. भाषा ही दुधासारखी आहे, ठेवली की नासते. रोज अर्धा तास, तोही बोलण्याचा, वर्गातल्या मैत्रिणीशी फोनवर. याचं कारण फक्त तुझी जुनी निवड नाही. मघाशी म्हटलं तो जानेवारीतला दुसरा करार आठवतो? त्यात प्रशिक्षणार्थी नाही, ‘विशिष्ट कौशल्य कामगार’ म्हणून जाता येतं, काही ठरावीक क्षेत्रांत, आणि देखभाल त्यातलं एक आहे. कौशल्याची परीक्षा, सर्वसाधारण जपानीची परीक्षा आणि देखभालीच्या जपानीची वेगळी परीक्षा, अशा तिन्ही पास व्हाव्या लागतात. एन-४ ची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतली खालून दुसरी, पातळी तुझी आहेच, म्हणजे एक पायरी झाली. या वाटेने गेलेल्याला त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो आणि पाच वर्षांपर्यंत राहता येतं. कुटुंब इथेही नेता येत नाही. सीमा आज दोन्ही वाटांना सारखीच बंद आहे, पण उघडेल तेव्हा तुझ्या हातात दोन चाव्या असतील. प्रशिक्षणार्थी म्हणून तीन वर्षं नीट पूर्ण केलीस तरी पुढे त्याच क्षेत्रात या वाटेवर परीक्षेशिवाय येता येतं, हेही लक्षात ठेव.

आणि जर्मनी. याच महिन्यात, डिसेंबर २०२१ मध्ये, केरळ सरकारच्या नोर्का रूट्स या संस्थेने जर्मनीच्या रोजगार यंत्रणेशी नर्सच्या भरतीचा करार केलाय. ‘ट्रिपल विन’ नावाचा हा कार्यक्रम जर्मनी २०१३ पासून फिलिपिन्स, बोस्निया अशा देशांबरोबर चालवते, आणि त्यात भाषेचा खर्च उमेदवाराच्या माथी मारत नाहीत. महासाथीतसुद्धा युरोपने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रवेशबंदीतून वगळलं होतं. तिथे तू नर्स म्हणून जातेस, तुझी पदविका मान्य करून घेण्याची रीत ठरलेली आहे. हे आज केरळसाठी आहे, महाराष्ट्रासाठी नाही. आपल्या राज्याला हे का सुचलं नाही, हा प्रश्न तुझ्या आमदाराला विचारण्यासारखा आहे. मी लगेच जर्मन शीक म्हणत नाही. एक कर्ज डोक्यावर असताना दुसऱ्या भाषेची फी भरू नये. फक्त एवढं ध्यानात ठेव की जग जपानवर संपत नाही, आणि खरी सरकारी वाट पैसे मागत येत नाही.

कर्जाकडे येते. सावकाराकडच्या पाटल्या आधी. महिन्याला दोन-तीन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस ते छत्तीस टक्के. राष्ट्रीयीकृत बँकेचं सोनेतारण कर्ज त्याच्या निम्म्याहून कमी व्याजात मिळतं. बँकेत आधी चौकशी करून, दोन-चार दिवसांपुरते कुणाकडून उसने घेऊन पाटल्या सोडवा आणि बँकेत ठेवा. पतसंस्थेत स्वतः जा, वडिलांना पाठवू नकोस. व्यवस्थापकाला निवडीचं पत्र दाखव, सीमा बंद असल्याची बातमी दाखव आणि हप्ता लहान करून मुदत वाढवायचा अर्ज दे. पहिल्या पगारातून हजार-दोन हजार जरी भरलेस तरी खातं हलतं दिसतं. खातं हलतंय तोवर पतसंस्थेचा सूर नरम असतो. हप्ते थकल्यावर गेलीस तर हेच बोलणं वेगळं होईल.

स्थळाविषयी तू एकच ओळ लिहिलीस आणि तीही ‘सगळं सोडून’ या शब्दांत, यातच तुझं उत्तर आहे असं मला वाटतं. लग्न करायचं की नाही हे मी ठरवणार नाही. मुलगा चांगला असेल, तुला आवडला असेल, तर भेट. पण भेटीत सगळं सांग: निवड झाली आहे, दार उघडलं तर तीन वर्षं एकटीने जायचंय, डोक्यावर कर्ज आहे. ‘लग्नानंतर बघू’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ समज. ‘किती पैसे मिळतील’ एवढंच विचारलं तर तेही समज. मामांना वाईट वाटेल, वाटू दे. जपान हुकलं म्हणून लग्न केलंस तर पुढच्या प्रत्येक भांडणात जपान येऊन बसेल.

आता मुदत. थांबायचं तर कुठवर, हे तू ठरवायचं, संस्थेने नाही. मी तुझ्या जागी असते तर ३० जून २०२२ ही तारीख भिंतीवर लिहिली असती. तोवर नोकरी, भाषा, हप्ते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जपानच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर प्रवेशाचे नियम बघायचे, व्हॉट्सॲपवर आलेले नाही. जूनअखेर दार बंदच असलं, किंवा वृद्धाश्रमाने दुसरं कुणी घेतलं, तर पैसे परत मागायचे आणि दुसरी चावी काढायची. दार आधी उघडलं तर उत्तम. पण तेव्हाही पेढे विमानात बसल्यावर.

वर्गातल्या आठ जणींपैकी निम्म्यांनी तरी मला अशीच पत्रं लिहिली असतील, आणि खलाशी मुलांचीही येतात, रत्नागिरीहून, गोव्याहून: कंपनीचं पत्र आहे, जहाज नाही. त्यांनाही हेच. मूळ कागद आपल्या कपाटात, बोलणं लेखी, पावतीशिवाय रुपया नाही, आणि वाट बघताना हातात आपलं काम.

मावशीने नेसवलेली साडी परत करावी का, असं विचारलंयस. अजिबात नको, नेस. आणि जपानसाठी घेतलेलं ते जाड जॅकेट बॅगेतून बाहेर काढ. डिसेंबर आहे, नाइट ड्युटी लागेल, पहाटे चारच्या राउंडला वॉर्डात फार गार असतं.